भुसारी दुकान किती कमावतं आणि किती खातं: कार्यक्षमता मोजण्याची रीत

गोव्यातल्या बहुतेक भुसारी दुकानांत दिवसाचा हिशेब रात्री होतो. गल्ल्यातल्या नोटा आणि यूपीआयचा आकडा मिळवला की झालं. त्यातून विक्री कळते. पण तेवढ्या विक्रीसाठी किती जागा, किती माणसांचे किती तास, किती रुपयांचा माल आणि किती वीज लागली, हे कळत नाही. दुकान खरंच चांगलं चाललंय की नुसतं गजबजलंय, हे मात्र त्याच आकड्यांवरून ठरतं.

दोन शब्द आधी वेगळे करून घेऊ. एका साधनामागे किती मिळकत झाली, ती उत्पादकता; उदाहरणार्थ, माणसाच्या एका तासामागे किती रुपये. आणि तशाच परिस्थितीतल्या उत्तम दुकानाच्या तुलनेत आपण कुठे आहोत, ती कार्यक्षमता. एकाच दुकानाची उत्पादकता मोजता येते. कार्यक्षमतेसाठी दुसरं दुकान किंवा स्वतःचंच मागचं वर्ष समोर हवं.

मिळकत म्हणून विक्री धरू नका, ढोबळ नफा (विक्री वजा विकलेल्या मालाची खरेदीची किंमत) धरा. एक लाखाची साखर आणि एक लाखाचा मसाला गल्ल्यात सारखेच दिसतात, पण दुकानाला त्यातून मिळणारा पैसा पाचपट वेगळा असू शकतो. साखर-तेल जोरात खपवणारं दुकान विक्रीच्या आकड्यात नेहमीच हुशार दिसतं.

आधी आकडे स्वच्छ करा

विक्री जीएसटी वजा करून घ्या. ५ टक्के कराच्या वस्तूची १०५ रुपयांची विक्री म्हणजे तुमचे १०० रुपये. १८ टक्क्यांच्या वस्तूचे ११८ म्हणजे १००. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि किराण्यातल्या बऱ्याच वस्तू १२ किंवा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. त्यामुळे त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची करासकट विक्री एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी एकूण विक्रीवर ठरावीक टक्का कर भरायची सोय) असाल तर रीत वेगळी: ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. म्हणून खरेदी करासकट धरा आणि विक्रीतून तुम्ही भरता तो १ टक्का वजा करा. इथे चूक झाली तर नफा खऱ्यापेक्षा चांगलाच फुगलेला दिसतो.

माल मोजायचा तो खरेदीच्या भावाने, छापील किमतीने नव्हे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी १ ते ४ दुकान बंद असताना दोघांनी बसून मोजणी करावी: एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. पहिल्या वेळी एका बैठकीत होणार नाही. मग दुकानाचे चार भाग करा आणि सलग चार दुपारी एकेक भाग घ्या. मोजून झालेल्या भागातल्या त्यानंतरच्या विक्रीची नोंद तेवढी वेगळी ठेवा. सेल्समनने दिलेली स्कीमही नीट धरा. १२ वर १ फुकट असेल तर बिलाची रक्कम १३ ने भागून एका नगाचा भाव काढा. फुकटचा नग शून्य भावाने लिहिला तर एका महिन्यात नफा उसळतो आणि पुढच्या महिन्यात विनाकारण पडतो.

एक नोंद बहुतेक दुकानांत नसते: घरी नेलेला माल. तांदूळ, तेल, साबण, मुलांची बिस्किटं हे सगळं खरेदीच्या भावाने एका वेगळ्या वहीत लिहा. नाहीतर महिन्याअखेर मालात तूट दिसते आणि बिचाऱ्या कामगारावर संशय जातो.

जागेचे दोन आकडे हवेत: ग्राहक फिरतो ती विक्रीची जागा आणि गोदाम. आणि तास सगळ्यांचे लिहा. मालक, बायको, संध्याकाळी काउंटरवर बसणारा मुलगा, सगळेच. घरच्या माणसाचे तास फुकट धरले की दुकान कितीही अकार्यक्षम असलं तरी फायद्यात दिसतं.

एक महिना मांडून पाहू

फोंड्यातलं एक दुकान कल्पनेने घेऊ. विक्रीची जागा ४५० चौरस फूट, गोदाम १५०. महिन्याची करविरहित विक्री ९,००,००० रुपये. महिन्याच्या सुरुवातीचा माल ६,२०,०००, खरेदी ७,५२,०००, अखेरचा माल ५,८०,०००.

विकलेल्या मालाची किंमत: ६,२०,००० + ७,५२,००० − ५,८०,००० = ७,९२,०००. म्हणजे ढोबळ नफा १,०८,०००, विक्रीच्या १२ टक्के.

तास: मालक रोज १२, बायको ४, कामगार ९. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१२ + १०४ + २३४ = ६५० तास.

यातून निघणारे आकडे असे:

- तासामागे ढोबळ नफा: १,०८,००० ÷ ६५० = १६६ रुपये.
- विक्रीच्या जागेत चौरस फुटामागे ढोबळ नफा: २४० रुपये.
- मालाचे वर्षाचे फेरे (वर्षात माल किती वेळा विकून पुन्हा भरला): ७,९२,००० × १२ ÷ ६,००,००० (सरासरी माल) = १५.८. म्हणजे माल सरासरी २३ दिवस दुकानात पडून असतो.
- मालात गुंतवलेल्या एका रुपयावर वर्षाला ढोबळ नफा: १२,९६,००० ÷ ६,००,००० = २.१६ रुपये.

आता खर्च. भाडं १५,००० (जागा स्वतःची असली तरी ती भाड्याने दिली असती तर जे आलं असतं ते धरा), कामगाराचा पगार १५,०००, वीज ७,०००, किरकोळ ५,०००. मालक आणि बायकोचे ४१६ तास ताशी ८० रुपयांनी ३३,२८०. मालात अडकलेल्या ६ लाखांवर वर्षाला १२ टक्के व्याज म्हणजे महिन्याला ६,०००. एकूण ८१,२८०. उरले २६,७२० रुपये. हा दुकानाचा खरा नफा. घरच्यांची मजुरी, जागेचं भाडं आणि व्याज सोडून दिलं तर हाच आकडा ८१,००० दिसतो आणि माणूस दुसरी शाखा उघडायला निघतो.

उधारी असेल तर तीही गुंतवणुकीत मिळवा. येणे असलेली एकूण उधारी भागिले महिन्याची उधारीची विक्री, गुणिले ३०: एवढ्या दिवसांनी तुमचे पैसे परत येतात. हा आकडा ४५ च्या वर गेला तर मालाचे फेरे कितीही चांगले असले तरी डिस्ट्रिब्युटरला द्यायला पैसे कमी पडणारच.

कुठला माल जागा राखतो

संपूर्ण दुकानाची सरासरी फार काही सांगत नाही. खरं चित्र मालाच्या गटागटांत असतं. आठ-दहा गट पुरेत: तांदूळ-पीठ, साखर-गूळ, तेल, डाळी-कडधान्यं, मसाले आणि सुकी मिरची, काजू-सुका मेवा, बिस्किटं-फरसाण, साबण-सफाई, दूध-थंड वस्तू, सुकी मासळी.

प्रत्येक गटासाठी दोन आकडे काढा: नफ्याचा टक्का आणि माल किती दिवस पडून राहतो. दोन्ही एकत्र वाचायचे. समजा साखरेवर विक्रीच्या ४ टक्के सुटतात आणि माल ७ दिवसांत संपतो. वर्षाला ५२ फेरे. १०० च्या विक्रीत माल ९६ चा, म्हणून एका रुपयावर मिळकत ४ ÷ ९६ × ५२, म्हणजे सुमारे २.१७ रुपये. काजूवर २० टक्के सुटतात, पण माल ९० दिवस राहतो, म्हणजे ४ फेरे. २० ÷ ८० × ४, म्हणजे १ रुपया. टक्क्याकडे पाहून जो माल श्रीमंत वाटतो तो पैशाच्या हिशेबात साखरेच्या निम्मा भरतो. म्हणून काजू काढून टाकायचा असं मुळीच नाही. ९० दिवसांचा साठा ३० दिवसांवर आणला की तोच काजू साखरेच्या पुढे जातो.

मग फळीचा हिशेब. प्रत्येक गटाने अडवलेली फळी टेपने फुटांत मोजा आणि गटाचा महिन्याचा ढोबळ नफा तेवढ्या फुटांनी भागा. काउंटरसमोर, डोळ्यांच्या उंचीवर असलेली फळी सगळ्यांत मोलाची. तिथे कंपनीने फुकट दिलेला रॅक उभा असेल तर त्याचाही फुटामागचा नफा काढा. रॅक फुकट असतो, जागा नसते. फ्रीजरसाठी विजेचा हिशेब वेगळा हवा. वीज मोजायचं साधं प्लग-मीटर लावून पूर्ण २४ तासांची युनिटं मोजा, ३० ने गुणा, तुमच्या बिलातल्या दराने पैसे काढा आणि त्या फ्रीजरातल्या मालाच्या नफ्यातून वजा करा. मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा मोजा, कारण दोन्ही आकडे सारखे नसतात.

तूट कुठे होते

सुट्या मालाची तूट सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मोजली जाणारी. तपासणी सोपी आहे. कामगाराने आधीच बांधून ठेवलेल्या साखरेच्या पाव किलोच्या पुड्यांपैकी कुठल्याही २० उचला आणि एकेक तोला. पिशवीचं वजन वजा करा. सरासरी २५५ ग्रॅम आली तर प्रत्येक पुडीत ५ ग्रॅम, म्हणजे २ टक्के माल फुकट जातोय. साखरेवर सुटतात मुळात ४ टक्के. त्यातला जवळपास निम्मा नफा पिशवीतून ग्राहकाच्या घरी गेला. उलट सरासरी २४७ आली तर ती ग्राहकाची फसवणूक आहे आणि वैधमापन कायदा, २००९ खाली गुन्हाही. दोन्ही चुकांचं मूळ बहुधा एकच असतं: काटा सपाट जागी नसतो, पंखा थेट ताटलीवर येतो, किंवा पिशवी ठेवून काटा शून्य केलेला नसतो. रोज सकाळी शिक्का असलेलं १ किलोचं वजन ठेवून काटा तपासा.

पोत्याची नोंद अशी ठेवा: पोतं उघडलं ती तारीख, बारदान वजा करून आलेलं वजन, पोतं संपलं ती तारीख आणि मधली विक्री. ५० किलोच्या पोत्यातून ४९ किलोच्या खाली विक्री निघाली तर कारण शोधलंच पाहिजे.

पावसाळ्याची तूट वेगळी धरावी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. रवा, मैदा, पोहे, चणाडाळ यांत कीड पडते, गूळ पाझरतो, पापड लुसलुशीत होतात. जून ते सप्टेंबर या मालाचा साठा १० ते १२ दिवसांवर आणा, पोती भिंतीपासून एक वीत आणि जमिनीपासून लाकडी फळीवर ठेवा आणि फेकलेला माल वेगळ्या कारणाने लिहा. एक्सपायरी, कीड, फुटलेलं पाकीट, उंदीर, कारण न कळलेली तूट: हे पाच रकाने पुरतात. शेवटचा रकाना विक्रीच्या अर्ध्या टक्क्यावर गेला तर बिलिंग आणि माल उतरवून घेण्याची पद्धत तपासा. डिस्ट्रिब्युटरचा टेम्पो गर्दीच्या वेळी आला आणि खोकी न मोजताच बिलावर सही झाली, हे कारण चोरीपेक्षा कितीतरी वेळा आढळतं.

जे विकलंच नाही ते

गल्ला झालेली विक्री दाखवतो. हुकलेली दाखवत नाही. सर्वाधिक खपाच्या ४० वस्तूंची यादी करा: उकडे तांदूळ, साखर, रवा, खोबरेल, तूरडाळ, कांदे, आमसुलं, चहा, दूध अशी. रोज सकाळी ११ आणि संध्याकाळी ६ ला यादी घेऊन फळीवर नजर टाका. गोदामात माल आहे पण फळीवर नाही, तर तीही गैरहजेरीच. आठवड्यात सहा दिवस, दोन वेळा, ४० वस्तू: ४८० तपासण्या. त्यांत २४ गैरहजेऱ्या म्हणजे ५ टक्के. यापलीकडे गेलं की ग्राहक दुसरीकडे सवय लावून घेतो.

सोबत काउंटरवर एक ‘नाही वही’ ठेवा. ग्राहकाने मागितलं आणि ‘नाही’ म्हणावं लागलं की नाव आणि वेळ लिहायची, बस. भाजी आणि इतर बराच माल बेळगावहून घाटाने येतो. पावसात घाटात वाहतूक अडली की एक-दोन दिवस उशीर ठरलेलाच. त्या महिन्यांत ठरावीक वस्तूंचा दोन दिवसांचा जादा साठा ठेवणं हा मालाच्या फेऱ्यांत थोडा तोटा असला तरी शहाणपणाचा तोटा आहे.

काउंटरची गती

मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन संध्याकाळी ६ ते ८ मध्ये २० बिलं मोजा. प्रत्येक बिलाचे तीन तुकडे करा: माल काढणं-तोलणं, बिल करणं, पैसे घेणं. बहुतेक ठिकाणी पहिला तुकडाच निम्म्याहून जास्त वेळ खातो. सुटी डाळ मागणीनुसार तोलण्याऐवजी दुपारच्या शांत वेळेत अर्धा आणि एक किलोची पाकिटं बांधली की हा वेळ थेट कमी होतो. यूपीआयमध्ये वेळ जातो तो ग्राहकाने दाखवलेला स्क्रीन वाचण्यात. आवाज देणारा बॉक्स ग्राहकाच्या बाजूला नको, बिल करणाऱ्याच्या कानाशी हवा.

तासागणिक बिलांची संख्याही काढा. सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी साडेपाच ते ८ या साडेचार तासांत दिवसाची ७० टक्के बिलं होत असतील, तर दुसरा माणूस दिवसभर कशाला? त्याचे तास त्या दोन वेळांभोवती बसवा. तासामागचा नफा वाढवायचा याहून स्वस्त उपाय नाही.

गोव्याचं पंचांग आकड्यांत धरा

इथे सगळ्यांत जास्त फसगत होते. गणेशचतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला आणि २०२६ ला १४ सप्टेंबरला. चवथीची खरेदी आधीच्या दोन आठवड्यांत होते. म्हणजे २०२५ चा ऑगस्ट २०२४ च्या ऑगस्टपुढे भरभराटीचा दिसणार आणि २०२६ चा ऑगस्ट पडलेला. दोन्ही आभासच. तुलना ‘चवथीआधीचे २१ दिवस’ अशी करा. नाताळ मात्र तारखेला बांधलेला. तिथे महिना चालतो.

तीच गोष्ट पुरुमेंताची. एप्रिल-मे मध्ये घरोघर पावसाळ्याचा साठा भरतात: सुकी मासळी, मिरची, आमसुलं, तांदूळ. त्यासाठी दुकानही आधी भरावं लागतं, म्हणून एप्रिलात फेरे कमी दिसतात, मेमध्ये उसळतात आणि जूनमध्ये पडतात. एप्रिल-मे-जून हा एकच तुकडा धरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, त्यापाठोपाठ श्रावण. या काळात कडधान्यांचा खप चढतो, मसाल्याची मागणी बदलते. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात ऑक्टोबर ते मार्चचं चित्र वाळपईत दिसणार नाही, म्हणून त्या दोन दुकानांची महिन्यावर तुलना करू नये.

भाववाढही आकडा फुगवते. २०२५ मध्ये नारळ आणि खोबरेल चढे होते. समजा आधी महिन्याला ४०० नारळ ३५ रुपयांनी विकले: १४,०००. पुढच्या वर्षी ३२० नारळ ५५ रुपयांनी: १७,६००. विक्री २५ टक्क्यांहून जास्त वाढली, खप २० टक्के घटला. म्हणून ३० मुख्य वस्तूंचे नग-किलो लिहा आणि या वर्षीचा खप मागच्या वर्षीच्या भावाने गुणून बघा. दुकान खरंच वाढलं की नाही, ते यातून कळतं.

अनेक शाखा असतील तर

सहकारी संस्था किंवा तीन-चार शाखांचा मालक यांच्यापुढे प्रश्न वेगळा असतो. कल्पनेने तीन शाखा घ्या. म्हापसा: ७०० तास, ८०० चौरस फूट, ढोबळ नफा १,४०,०००. फोंडा: वरची, ६५० तास, ४५० चौरस फूट, १,०८,०००. काणकोण: ५०० तास, ६०० चौरस फूट, ७५,०००. तासामागे म्हापसा पहिलं (२०० रुपये), फुटामागे फोंडा पहिलं (२४०). एकाच गुणोत्तरावर क्रमांक लावला तर कुणावर तरी अन्याय होणार.

यासाठी डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस ही पद्धत आहे. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी ती १९७८ मध्ये मांडली. उत्तम शाखांची मिळून एक सीमारेषा तयार होते आणि बाकीच्या शाखा तिच्यापासून किती मागे आहेत ते मोजलं जातं. म्हापसा आणि फोंडा दोघंही सीमेवर, १०० टक्के. काणकोण ७५ टक्के: तेवढाच नफा सीमेवरच्या रीतीने ५०० ऐवजी ३७५ तासांत व्हायला हवा.

एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये (दिलेल्या अटींत बसणारं उत्तम उत्तर शोधणारं साधन) हे बसतं. प्रत्येक शाखेला एक भार (शून्य किंवा जास्त) द्या. भारांनी गुणलेल्या तासांची बेरीज तपासायच्या शाखेच्या तास × थीटापेक्षा (थीटा म्हणजे त्या शाखेची कार्यक्षमता; १ म्हणजे १०० टक्के) जास्त नको; जागेचंही तसंच; नफ्याची बेरीज त्या शाखेच्या नफ्यापेक्षा कमी नको. थीटा कमीत कमी करा, ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडा. प्रत्येक शाखेसाठी पुन्हा चालवा.

यानंतर भारांची बेरीज १ अशी एक अट वाढवा. ही सुधारणा बँकर, चार्न्स आणि कूपर यांची, १९८४ ची. आता काणकोण १०० टक्के येतं. म्हणजे तिथली उणीव कामाच्या रीतीपेक्षा दुकानाच्या लहान आकाराशी जोडलेली असू शकते, आणि तिथल्या व्यवस्थापकाला दटावून तास कमी होणार नाहीत. गिऱ्हाईक वाढवावं लागेल किंवा उघडण्याच्या वेळा बदलाव्या लागतील. मात्र सावध राहा: तासांत सगळ्यांत लहान शाखा या अटीखाली आपोआप १०० टक्के येते, कारण तिच्यापुढे ठेवायला तेवढं लहान दुसरं दुकानच नसतं. साधनं आणि मिळकत मिळून जेवढे रकाने, त्याच्या किमान तिप्पट शाखा हव्यात. इथे तीन रकाने, म्हणजे निदान नऊ. वरच्या तीन शाखा फक्त रीत समजण्यापुरत्या. नऊ शाखा नसतील तर एकाच शाखेचे वेगवेगळ्या वर्षांचे चवथीआधीचे २१ दिवस वेगवेगळी दुकानं समजून घालता येतात.

वेळापत्रक

रोज: बिलांची संख्या, गैरहजर वस्तू, घरी नेलेला माल, फेकलेला माल. दहा मिनिटांचं काम. आठवड्याला: २० पुड्यांचं वजन, एका गटाची मोजणी. महिन्याला: पूर्ण मोजणी, ढोबळ नफा, तास, तासामागे आणि फुटामागे नफा, फेरे, उधारीचे दिवस. तीन महिन्यांनी: फळीचे फूट आणि काउंटरची गती.

सुरुवातीचे तीन महिने काहीही बदलू नका, फक्त लिहा. पहिल्या महिन्याची मोजणी हमखास चुकलेली असते, दुसरीत ती चूक दिसते आणि तिसरी वापरण्याजोगी होते. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. कामगाराचे तास आणि फळीची मांडणी एकाच महिन्यात हलवली तर नफा कशाने वाढला ते कुठल्याच आकड्यातून निघत नाही.